‘माणसाचं पाऊल न पडलेलं जंगल’? कोयना-चांदोलीतली जोती आधी बघून या

गेले दोन पावसाळे एकच मजकूर फिरतोय. वर धबधब्याचा फोटो, मागे धुक्यात बुडालेली रानं, आणि खाली ओळी: कोयना-चांदोलीच्या जंगलात हजारो वर्षं माणसाचं पाऊल पडलेलं नाही. हे डोंगर म्हणजे थंड झालेला ज्वालामुखी. इथे वाघ कधीच नव्हता, सरकारने बाहेरून आणून सोडला. युनेस्कोने हे जंगल ताब्यात घेतलं आणि त्यासाठी गावं उठवली, म्हणून ते वाचलं. आणि शेवटी एक विनंती: पावसाळ्यात जाल तेव्हा सीडबॉल, म्हणजे बिया भरलेले मातीचे गोळे, घेऊन जा, उघड्या पठारांवर टाका.

मला हा मजकूर माझ्याच भावकीतल्या तिघांनी पाठवला. माझ्या आजीचं माहेर आज कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या तळाशी आहे. तिच्याच नातवंडांनी ‘इथे कुणी कधी राहिलंच नाही’ असं अभिमानाने पुढे पाठवावं, हे मला सहन झालं नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

आधी जागा नक्की करू. महाबळेश्वरला उगम पावलेली कोयना सह्याद्रीच्या कण्याला धरून सरळ दक्षिणेला येते, हेळवाकजवळ एकदम पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. तिच्यावर १९६४ साली पुरं झालेलं धरण, मागे पसरलेला शिवसागर आणि भोवतीचं सुमारे ४२३ चौरस किलोमीटरचं अभयारण्य म्हणजे कोयनेचं जंगल. कुंभार्ली घाटाचा रस्ता ओलांडून दक्षिणेला गेलं की वारणेचं खोरं लागतं. तिथे वारणेच्या धरणामागच्या वसंतसागर जलाशयाभोवती चांदोली, सुमारे ३१७ चौरस किलोमीटर. दोन्ही १९८५ साली अभयारण्य झाली, २००४ मध्ये चांदोलीला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, आणि २०१० च्या जानेवारीत दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांत हे रान पसरलंय.

आता पहिला मुद्दा, आणि माझ्यासाठी खरा मुद्दा हाच: ‘हजारो वर्षं माणसाचं पाऊल पडलेलं नाही.’

वासोटा किल्ल्यावर जायचं तर बामणोलीहून लाँचने शिवसागर ओलांडून मेट इंदवलीला उतरावं लागतं. हे नावच नीट ऐका. मेट म्हणजे किल्ल्याखालची पहाऱ्याची वस्ती. गडावर नजर ठेवणारी, वाटा राखणारी माणसं तिथे पिढ्यान्‌पिढ्या बायकापोरांसकट राहायची. किनारा सोडून झाडीत शिरलं की थोड्याच वेळात पायाखाली जोत्यांचे दगड येतात. शेवाळलेले, पण रचलेले. दगड निसर्गाने टाकलेला की माणसाने बसवलेला, हे कळायला पुरातत्त्वाची पदवी लागत नाही. कोपरा काटकोनात असतो आणि उंबऱ्याचा दगड मधोमध झिजलेला असतो. तो झिजायला किती पावलं लागली असतील?

वर गडावर गेलात तर इतिहास याहून दाट आहे. १६५६ साली जावळी घेतल्यावर काही वर्षांनी हा किल्ला शिवाजी महाराजांकडे आला आणि त्याचं नाव व्याघ्रगड झालं. पेशवाईच्या अखेरीस पंतप्रतिनिधींच्या बाजूने ताई तेलिणीने हाच गड पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांच्या फौजेविरुद्ध महिनोन्‌महिने लढवला. १८१८ मध्ये इंग्रजांनी समोरच्या जुन्या वासोट्यावर तोफा चढवून तो घेतला. तोफा चढवल्या म्हणजे माणसं आली, बैल आले, दारूगोळा आला, रस्ते तोडले गेले. दक्षिणेला चांदोलीच्या पश्चिम कड्यावर प्रचितगड आहे, आणि त्याच्या पायथ्याला कोकणात शृंगारपूर, येसूबाईंचं माहेर. घाटमाथा आणि तळकोकण यांच्यामधली ये-जा याच रानातल्या घाटवाटांनी चालायची. मीठ, भात, गूळ पाठीवरून आणि बैलांवरून वर-खाली व्हायचं. हे जंगल कधी रिकामं नव्हतंच. ते रहदारीचं होतं.

आणि नुसती रहदारी नव्हे, शेतीही होती. ओढ्याच्या काठाने भाताची खाचरं, उतारावर राब, म्हणजे पालापाचोळा आणि फांद्या, भाजून केलेली नाचणी आणि वरी. काही उतारांवर कुमरी चालायची: झाडोरा तोडायचा, जाळायचा, दोन-तीन वर्षं पीक घ्यायचं आणि जमीन पडीक सोडून पुढे सरकायचं. इंग्रज सरकारने कुमरीवर बंधनं आणली, रानं राखीव केली, तरी गावं होतीच. धनगरवाडे होते, त्यांच्या म्हशी होत्या. गावाच्या कडेला देवराई असायची, तिथली फांदीही कुणी तोडत नसे. आज ज्या झाडांकडे बोट दाखवून आपण ‘आदिम अरण्य’ म्हणतो, त्यातली कित्येक प्रचंड झाडं त्या देवरायांमुळे उभी आहेत. त्यांना हात न लावण्याचा निर्णय माणसांनीच घेतला होता आणि पाळला होता.

आजी बारा वर्षांची असताना माहेरी जे होतं, ते ती शेवटपर्यंत सांगायची. दारातला फणस, त्याचे गरे कापे आणि शेजारच्या झाडाचे बरके. मागच्या परड्यात वेळूचं बेट. गौरीला माहेरी जायचं तर नदी उतरून जावं लागे, आणि पाणी वाढलं की गौरी चुकायच्या. ‘गाव गेलं’ असं ती म्हणायची, ‘बुडालं’ असं कधी म्हणाली नाही.

कोयना धरणासाठी शंभराच्या आसपास गावं उठली. त्यांतली माणसं सोलापूर, सांगली, रायगड, ठाणे अशी विखुरली गेली. चांदोलीतून तीसहून जास्त गावं बाहेर पडली, काही वारणेच्या धरणापायी, काही जंगलापायी. डोंगरात जन्मलेल्या माणसाला सपाटीवर, उन्हात, कधी खारवट जमिनीत घर बांधायला लागलं. कोयना धरणग्रस्तांच्या जमिनींचा प्रश्न इतका रेंगाळला की २०१८ मध्येसुद्धा श्रमिक मुक्ती दलाच्या नेतृत्वाखाली माणसं कोयनानगरला ठिय्या देऊन बसली होती, धरण पुरं झाल्याला ५४ वर्षं उलटल्यावर. ‘माणसाचं पाऊल पडलेलं नाही’ या वाक्यात ही सगळी माणसं खोडली जातात. ज्यांनी घर दिलं त्यांचं घर होतं हेच नाकारलं, तर त्यांनी काय दिलं याचा हिशोब कुणी मागायचा?

जंगलाच्या दृष्टीनेही हा दावा चुकीचा ठरतो. चांदोलीतल्या गव्यांचे कळप आणि सांबरं जिथे चरताना दिसतात, ती कुरणं बऱ्याच ठिकाणी उठून गेलेल्या गावांची शेतं आहेत. खाचरांचे बांध अजून ओळखू येतात, मध्येच एखादा कलमासारखा डेरेदार आंबा उभा असतो. शेती थांबली, गवत आलं, गवतावर गवे आले. हळूहळू कडेने झाडोरा पुढे सरकतोय. त्या जमिनीचा भूतकाळ माहीत नसेल तर ते कुरण राखायचं की झाडीला सोडून द्यायचं, हेही ठरवता येणार नाही.

दुसरा दावा ज्वालामुखीचा. यात अर्धं खरं आहे म्हणून तो जास्त पसरतो. सह्याद्रीचा दगड ज्वालामुखीचा आहे, हे बरोबर. पण इथे शंकूसारखा एखादा पर्वत धगधगत होता आणि पठार म्हणजे त्याचं बुजलेलं तोंड, असं काही नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांमधून लाव्हा वाहिला, थंड झाला, त्यावर पुन्हा वाहिला. थरावर थर. वासोट्याच्या बाबुकड्यावर उभं राहून समोर बघा, डोंगराच्या अंगावर आडव्या पट्ट्या दिसतात, त्या याच. आणि सह्याद्री हा खरं तर वेगळा उभा पर्वत नव्हे, ती दख्खनच्या पठाराची तुटलेली, झिजलेली पश्चिम कड आहे. म्हणून कोकणातून बघितलं की भिंत दिसते आणि कराडकडून येताना चढ नुसता जाणवतो.

ही कड समुद्राकडून येणारे ढग अडवते. नवजा, पाथरपुंज, महाबळेश्वर इथे एका पावसाळ्यात पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस होणं नेहमीचं आहे. याच उंचीचा उपयोग करून कोयनेचं पाणी डोंगराच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेला पोफळीकडे सोडलं, तिथे वीज होते आणि ते पाणी पुढे वाशिष्ठीला मिळतं. पूर्वेला वाहणाऱ्या नदीचं पाणी माणसाने पश्चिम समुद्राकडे वळवलं, तेही याच ‘अस्पर्श’ डोंगराखालून.

आता ती सीडबॉलची विनंती. हात जोडून सांगतो, हे करू नका. ज्याला मजकुरात ‘उघडं पठार’ म्हटलंय त्याला इथली माणसं सडा म्हणतात. बेसाल्टच्या माथ्यावर पाऊस आणि ऊन लाखो वर्षं काम करत राहिलं, तेव्हा हा जांभ्याचा थर तयार झाला. त्यावर माती बोटभर, कुठे तेवढीही नाही. झाड तिथे उगवत नाही ते कुणी तोडलं म्हणून नव्हे. एप्रिलमध्ये चांदोलीतला झोळंबीचा सडा पाहिलात तर तव्यासारखा वाटेल, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात त्याच दगडावर सीतेची आसवं, तेरडा, सोनकी आणि किडे खाणारं दवबिंदू गुडघे टेकून बघावं लागतं. दवबिंदूचं अख्खं झाड रुपयाच्या नाण्यावर मावेल एवढं. त्याच्या पानावरच्या चिकट थेंबाला चिकटलेलं चिलट मी भिंग लावून पाहिलंय. यातल्या कित्येक वनस्पती सड्याशिवाय दुसरीकडे तग धरत नाहीत. तिथे बाहेरच्या बिया, बाहेरची माती टाकणं म्हणजे त्यांच्या ताटात माती कालवणं आहे.

वाघाचा मुद्दा सोपा आहे. ‘इथे वाघ कधीच नव्हता’ म्हणणाऱ्याने व्याघ्रगड हे नाव कुठून आलं ते सांगावं. या डोंगरांत वाघजाईची ठाणी किती आहेत ते मोजावं. वाघ मधल्या काळात जवळजवळ दिसेनासा झाला होता, हे खरं. पण २०१८ मध्ये कॅमेऱ्यात एक वाघ टिपला गेला, २०२३ च्या डिसेंबरात पुन्हा एक नर दिसला, आणि हा दुसरा आधी राधानगरीत नोंदला गेलेला होता. हे नर कुणी गाडीतून आणले नव्हते. कर्नाटकातल्या काळी नदीच्या रानापासून गोव्याची म्हादई, मग तिलारी, आंबोली, राधानगरी आणि चांदोली अशी झाडीची एक सलग-तुटक पट्टी आहे, वाघ ती धरून चालत वर येतो. ती पट्टी किती नाजूक आहे तेही ध्यानात घ्या: २०२० च्या जानेवारीत म्हादईत एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विष घालून मारले गेले.

बाहेरून वाघ आणले हेही आता खरं आहे, पण केव्हा आणि का, ते मजकुरात नाही. नर चालत आले, माद्या एवढ्या लांब सहसा जात नाहीत. माद्यांशिवाय पिढी पुढे जाणार नाही, म्हणून २०२५ च्या अखेरीस ताडोबाहून वाघीण आणून चांदोलीत सोडण्यात आली. आधीपासूनच्या वस्तीला दिलेली ती जोड आहे.

राहिला युनेस्को. २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या ३९ जागा जागतिक वारसा यादीत गेल्या, त्यात महाराष्ट्रातल्या चार: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. यादीत नाव गेल्याने जमिनीची मालकी बदलत नाही. जमीन, कायदा, वनरक्षक सगळं आपलंच राहतं. आणि तारखा नुसत्या शेजारी ठेवल्या तरी पुरे: कोयनेची गावं साठीच्या दशकात उठली, अभयारण्यं १९८५ ची, वारसा २०१२ चा. २०१२ च्या यादीसाठी १९६० मधली गावं कशी उठतील? गावं मुख्यतः विजेसाठी आणि पाण्यासाठी उठली. अभयारण्य मागाहून झालं. त्यात माधव गाडगीळ समितीचा २०११ चा आणि कस्तुरीरंगन समितीचा २०१३ चा अहवालही लोक मिसळून टाकतात. ते पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राबद्दल आहेत, वारसा यादीशी त्यांचा संबंध नाही.

मजकुरातली एक गोष्ट मला मान्य आहे. हे रान अनमोल आहे. अंजनी, जांभूळ, पिसा यांची ती बुटकी, वाऱ्याने वाकलेली, एकमेकांत गुंतलेली झाडी, वरून उड्या मारत जाणारा शेकरू, हे महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी उरलंय. त्याचं कौतुक करायला खोट्याची गरज नाही.

गेल्या मे महिन्यात शिवसागर बराच खाली गेला होता. मी वडिलांना घेऊन गेलो. चिखल वाळून भेगाळलेला, त्यातून दगडांच्या ओळी वर आल्या होत्या. वडील कधी त्या गावात राहिलेले नाहीत, लहानपणी आजीबरोबर मामाकडे दोनदा आले होते, तेवढंच. तरी ते काठी टेकत एका ओळीशी थांबले, वाकून बघितलं आणि म्हणाले, “ही पायवाट. इथून नदीला उतरायचो.” मग चपला काढून हातात घेतल्या आणि त्या वाटेने पाण्यापर्यंत गेले.