जियाओहे आणि गाओचांग : एका चुकीच्या माहितीचा खुलासा

चीनमधील तुर्फान परिसरातील जियाओहेच्या अवशेषांची छायाचित्रे सध्या 'मातीच्या विटांनी बांधलेले, भक्कम तटबंदीचे, ह्युएन त्संग जिथे महिनाभर राहिला ते नगर' अशा मजकुरासह फिरत आहेत. तिथे जाण्याचे ठरवणाऱ्यांनी हे तिन्ही तपशील दुरुस्त करून घ्यावेत.

जियाओहेला तटबंदी नाही, आणि तिची गरजही नव्हती. नदीच्या दोन प्रवाहांमध्ये, सुमारे 30 मीटर उंचीच्या उभ्या कड्यांवर हे पानाच्या आकाराचे पठार आहे. त्याची लांबी साधारण 1,650 मीटर आणि रुंदी जास्तीत जास्त 300 मीटर. शहर वर रचत नेलेले नसून बहुतांशी खाली कोरत नेलेले आहे. भिंतीजवळ उभे राहून निरखले, तर विटांचे सांधे दिसत नाहीत, मूळ जमिनीचेच थर सलग गेलेले दिसतात. मातीचे बांधकाम आहे ते मुख्यतः वरच्या भागांत. वेरूळचे कैलास लेणे पाहिलेल्यांना ही वरून खाली कोरण्याची रीत चटकन उमगेल, जरी तिथे कातळ आहे आणि इथे माती.

तटबंदीचे नगर म्हणजे गाओचांग, तुर्फानच्या दुसऱ्या बाजूला, आग्नेयेस. त्याच्या बाह्य तटाचा घेर 5 किलोमीटरहून अधिक आहे. पुढे महाराष्ट्राचे वर्णन लिहून ठेवणाऱ्या ह्युएन त्संगाला इ.स. 630च्या सुमारास राजा छू वेनताईने आग्रहाने ठेवून घेतले, ते याच गाओचांगमध्ये.