आधी लेनिन, मग बॅस्टिल

‘इतिहासाच्या तासाला तंत्रज्ञान वापरा’ असा सल्ला देणाऱ्यांना मी एकच विनंती करतो: एक्सेल उघडा आणि चार तारखांची कालरेषा करून दाखवा. पॅरिसच्या बॅस्टिल तुरुंगाचा पाडाव १४/७/१७८९, फ्रान्सचा राजा सोळाव्या लुईचा शिरच्छेद २१/१/१७९३, वॉटर्लू १८/६/१८१५ आणि रशियातली लेनिनची बोल्शेविक क्रांती ७/११/१९१७. आता चढत्या क्रमाने सॉर्ट करा.

सगळ्यात वर येतो लेनिन. त्याच्याखाली बॅस्टिल, मग नेपोलियन वॉटर्लूला हरतो आणि तो हरल्यावर लुईचं डोकं उडतं. मुलं हे सगळं निमूटपणे वहीत उतरवून घेतात. पडद्यावर दिसलंय म्हणजे खरंच असणार!

भानगड अशी की एक्सेलचं जग १ जानेवारी १९०० ला सुरू होतं. त्या दिवसाला तो १ हा क्रमांक देतो आणि पुढचे दिवस मोजत जातो. त्याआधीची तारीख त्याच्या लेखी तारीखच नाही, नुसता मजकूर. सॉर्ट करताना आकडे आधी आणि मजकूर नंतर, म्हणून १९१७ वर. मजकुराचा क्रम डावीकडून एकेक अक्षर बघून लागतो, म्हणून १४, १८, २१. वर्षाकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. ओळखायची खूण सोपी आहे: खरी तारीख सेलमध्ये उजवीकडे चिकटते, नाकारलेली डावीकडे रुसून बसते. त्यात संगणकाचं सेटिंग अमेरिकी असेल तर ७/११ म्हणजे ११ जुलै, आणि क्रांती चार महिने आधीच उरकते. गंमत म्हणजे २९ फेब्रुवारी १९०० हा कधीच न उगवलेला दिवस मात्र एक्सेलला पक्का ठाऊक आहे. लोटस १-२-३ या जुन्या प्रोग्रॅममधली ही चूक जुन्या फायली जुळाव्यात म्हणून तशीच ठेवली गेली. परीक्षेत कुणी असं लिहिलं तर आपण गुण कापतो.

उपाय आहे. तारीख एका सेलमध्ये लिहायचीच नाही. वर्ष, महिना, दिवस असे तीन कॉलम करा, चौथ्यात घटना. डेटा मेनूतून सॉर्ट उघडा, ‘ॲड लेव्हल’ने तीन पातळ्या लावा आणि वर्ष पहिलं ठेवा. इसवी सनापूर्वीचं वर्ष ऋण लिहा: सीझरचा खून -४४, ३, १५. ‘इ.स.पू.’ अशी अक्षरं घातलीत की पुन्हा मजकूर झालाच. शून्य साल नसल्यामुळे इकडून तिकडे वर्षं मोजताना वजाबाकीतून एक कमी करायचं, हेही सांगून ठेवा. पाचवा कॉलम दिनदर्शिकेचा. तो नसेल तर ऑक्टोबर क्रांती नोव्हेंबरात कशी, हा प्रश्न तास संपायला दोन मिनिटं असताना येतो. (रशियात तेव्हा ज्युलियन दिनदर्शिका होती, तेरा दिवस मागे. तिथे ती तारीख २५ ऑक्टोबरच.)

प्रोजेक्टरचं फार सांगत नाही. विंडोज आणि पी एकत्र दाबून ‘डुप्लिकेट’ निवडा. ‘एक्स्टेंड’ राहिलं तर वर्गाला नुसता वॉलपेपर दिसतो. एचडीएमआय लावली की आवाज बरेचदा प्रोजेक्टरच्या चिमुकल्या स्पीकरात पळतो. तो स्पीकरच्या चिन्हावरून परत बोलवावा लागतो.

एवढ्या उपद्व्यापानंतर खरोखर वसूल होणारा प्रयोग माझ्या मते एकच, आणि त्याला दोन चित्रं पुरतात. ५ मे १९२० ला मॉस्कोत लेनिन लाकडी मंचावरून भाषण करतोय. मूळ फोटोत मंचाच्या पायऱ्यांवर त्याचे सहकारी ट्रॉट्स्की आणि कामेनेव्ह आहेत. पुढे स्टालिनच्या राजवटीत ते नकोसे झाले, म्हणून नंतर छापलेल्या प्रतीत नुसत्या पायऱ्या. दोन्ही फोटो एकाच स्लाइडवर शेजारी ठेवा, शीर्षक देऊ नका आणि दोन मिनिटं तोंड मिटून उभे राहा. शिक्षकाला हाच भाग सगळ्यात जड जातो.

फक्त शोधयादीत दिसणारी बारकी प्रतिमा उचलू नका. ती उघडून मूळ आकारातली फाइल उतरवा, रुंदी निदान हजार पिक्सेल. तीनशे पिक्सेलचं चित्र भिंतभर ताणलं की दोन्ही फोटोंतून ट्रॉट्स्की गायब, कामेनेव्ह गायब आणि लेनिनही गायब. स्टालिनच्या माणसांनासुद्धा इतकी सफाई जमली नव्हती.