धुके दाखवा, मग बोलू

मोटारीचे जे बिघाड आवाज करतात ते सज्जन समजावेत. ब्रेक करकरले, सस्पेन्शन खडखडले किंवा सायलेन्सर फुटला, की वर्कशॉपच्या फाटकातून गाडी आत शिरतानाच अर्धे निदान होऊन जाते आणि मालकाला तोंड उघडावे लागत नाही. मात्र जे बिघाड मूग गिळून बसतात, ठरावीक हवेत, ठरावीक ठिकाणी आणि आसपास मेकॅनिक नसतानाच उपटतात, त्यांच्यापायी गाडीपेक्षा मालकाच्याच डोक्यात काही बिघडले असावे अशी शंका लोकांना येऊ लागते. आमच्या गाडीच्या मागच्या काचेचा डिफॉगर या दुसऱ्या जातीचा होता.

ज्यांच्या गाडीत हे प्रकरण नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. मागच्या काचेवर ज्या बारीक तपकिरी आडव्या रेषा दिसतात ती नक्षी नव्हे. चांदी मिसळलेला लेप काचेच्या आतल्या अंगाला छापून, भट्टीत भाजून पक्का केलेला असतो. दोन्ही कडांना उभ्या पट्ट्या असतात, वीज एका पट्टीतून शिरते, साऱ्या रेषांमधून वाहत दुसऱ्या पट्टीतून बाहेर पडते आणि जाता जाता काच कोमट करते, म्हणजे काचेवर साचलेले दव उडून जाते. समोरच्या काचेवर एसीचा वारा सोडता येतो, मागच्या काचेला तेवढेही सुख नसते, म्हणून ही सोय. ती दहा-पंधरा अँपिअर वीज सहज खाते, त्यामुळे बटण दाबून आपण विसरलो तरी काही मिनिटांनी ती आपोआप बंद होते. खालच्या मॉडेलमध्ये ही सोय नव्हती. माझी सासुरवाडी पाचगणीची आहे हे शोरूममधल्या विक्रेत्याने बोलता बोलता काढून घेतले आणि "मग सर, पसरणी घाटात काय कराल?" असा प्रश्न इतक्या काळजीने विचारला की आम्ही वरच्या मॉडेलचे पैसे भरून मोकळे झालो.

पसरणी घाटात जुलै महिन्यात काय होते ते वाईहून वर गेलेल्या कोणालाही ठाऊक असते. बाहेर ढग रस्त्यावर उतरलेले, गाडीत पाच माणसे, तीन ओल्या छत्र्या, आणि प्रत्येकाच्या हातात नुकतेच भाजलेले वाफाळते कणीस. सासूबाईंना वारा लागतो म्हणून बाहेरची हवा आत घेणारी खिटी बंद केलेली, त्यामुळे श्वासांची, छत्र्यांची आणि कणसांची सगळी वाफ आतल्या आत फिरत होती आणि गार काच दिसताच तिच्यावर जाऊन बसत होती. मी बटण दाबले. बटणावरचा नारिंगी दिवा ऐटीत लागला. काच मात्र दुधाळ ती दुधाळच राहिली. मुलीने तिच्यावर बोटाने सोंडेसकट गणपती काढला. डिफॉगर चालू असता तर काही मिनिटांत भोवतालची काच साफ होऊन त्या गणपतीचे विसर्जन झाले असते; प्रत्यक्षात तो पाचगणीपर्यंत आमच्यासोबत आला आणि परतीच्या प्रवासात त्याला शेजारी उंदीरही मिळाला.

पुण्यात आल्यावर गाडी वर्कशॉपमध्ये नेली. तेथील सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर हा अत्यंत गोड बोलणारा तरुण होता. त्याने किल्ली फिरवली, बटण दाबले आणि म्हणाला, "लाइट लागतोय, सर." मी म्हणालो, दिवा लागतो, पण काच तापत नाही. तेव्हा त्याने डिकी उघडली, थोडा वेळ थांबला, काचेच्या आतल्या बाजूला तळहात टेकवला आणि मलाही हात लावायला सांगितले. काच चक्क कोमट होती. घाटात जी हूं की चूं करीत नव्हती ती इथे परक्या माणसाच्या हाताखाली आज्ञाधारकपणे तापत होती. मी अवाक झालेला पाहून त्याने माझ्या समाधानासाठी गाडीला स्कॅनरही जोडला. आमच्या गाडीतल्या संगणकाचे काचेच्या रेषांकडे लक्षच नसते, त्यामुळे त्याने कुठलाही दोष नसल्याचा निर्वाळा तत्काळ दिला. "तरी तुम्हाला शंका असेल तर असं करा, सर," अ‍ॅडव्हायझर म्हणाला, "काचेवर धुकं असताना गाडी घेऊन या."

धुके पाचगणीला आणि वर्कशॉप पुण्यात. मधे शंभर किलोमीटरचा रस्ता, खंबाटकी घाट आणि टोलनाका. एवढ्या अंतरावरून धुके न सांडता आणायचे कसे, हे जॉब कार्डावर कुठेही लिहिलेले नव्हते.

मग व्हिडिओचा मार्ग निघाला. पुढच्या खेपेला बायकोने मागच्या सीटवर उलटे बसून काचेचे चित्रण केले. अ‍ॅडव्हायझरने ते लक्षपूर्वक पाहिले आणि यात गाडीचा नंबर दिसत नाही, बटण चालू असल्याचेही दिसत नाही, तेव्हा कंपनीला हे पाठवता येणार नाही, असे खेदाने सांगितले. त्यानंतरच्या चित्रणात आम्ही आधी नंबर प्लेट, मग पेटलेले बटण, मग घड्याळ, मग काच असे ओळीने घेतले आणि ओलीस धरलेल्या माणसाच्या हाती देतात तसे त्या दिवशीचे वर्तमानपत्रही काचेपाशी धरले. ते पाहून अ‍ॅडव्हायझर म्हणाला, की व्हिडिओ छान आहे, पण वर्कशॉपमध्ये प्रॉब्लेम दिसल्याशिवाय वॉरंटीचा क्लेम टाकता येत नाही.

वर्कशॉपमध्ये तो दिसत नव्हता. पावसाळा सरला, थंडी गेली, आणि मे महिन्यातल्या सर्व्हिसिंगला मी तीच तक्रार पुन्हा लिहवून घेतली. पारा चाळिशीच्या घरात होता, गाडी सकाळपासून उन्हात उभी होती. आता नवा अ‍ॅडव्हायझर आला होता. त्याने काचेला हात लावला, झटकन मागे घेतला आणि विजयी मुद्रेने म्हणाला, "सर, चटका बसतोय!" बटण अजून दाबलेले नाही, हे मी त्याच्या नजरेस आणून दिले. तरीही कागदावर "काच गरम होते, ओके" अशी नोंद झाली, आणि खरे सांगायचे तर त्या नोंदीत खोटे असे काहीच नव्हते.

एव्हाना वॉरंटी संपायला थोडेच महिने उरले होते आणि वर्कशॉपमधल्या वरिष्ठांचे लक्ष गाडीवरून माझ्या चारित्र्याकडे वळले होते. मागच्या काचेला काळी फिल्म लावली होती का? फिल्म ओढून काढताना रेषा उपटून येतात, तो कंपनीचा दोष धरत नाहीत. मी सांगितले, की सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली गाड्यांच्या काळ्या फिल्मवर बंदी घातली तेव्हा या गाडीचा जन्मही झाला नव्हता आणि मी कायदा पाळणारा मनुष्य आहे. मग डिकीत काही अवजड सामान काचेला घासत ठेवले होते का? आंब्यांच्या पेट्या? एका मुलाने टॉर्च घेऊन एकेक रेष तपासली. ओरखडा सापडला असता तर सगळ्यांचीच सुटका झाली असती, अगदी माझीसुद्धा. सापडला नाही.

आमच्या खालच्या मजल्यावर टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले एक काका राहतात. तारांतून काही वाहत नसेल तर ते कुठे अडले हे शोधण्यात त्यांची हयात गेली, आणि निवृत्तीनंतर इमारतीतल्या दारावरच्या घंटांखेरीज त्यांच्या बुद्धीला खाद्य उरलेले नव्हते. माझी कहाणी ऐकून प्रथम ते म्हणाले, "एखादी रेष तुटली तर तेवढीच मरते रे, बाकीच्या चालू राहतात. सगळ्याच मरतात म्हणजे रोग काचेत नाही, तारेत आहे." मग मल्टिमीटर आला. मीटरच्या टोकाने रेषा खरवडू नये म्हणून त्यांनी माझ्याकडून पोळ्या गुंडाळायची फॉइल मागवली, तिचा तुकडा टोकाला गुंडाळला, मीटरची काळी तार सीटबेल्टच्या बोल्टला लावून माझ्या हाती दिली आणि मागच्या सीटवर गुडघे टेकून बसले.

इंजिन न लावता फक्त किल्ली फिरवली आणि बटण दाबले. डाव्या पट्टीवर बारा व्होल्ट. "वीज येतेय," काका म्हणाले. काचेच्या मध्यावर बारा. उजव्या पट्टीवरही बारा. काकांच्या चेहऱ्यावर मुलगा पहिल्या वर्गात पास झाल्याचे समाधान पसरले. त्यांनी मला समजावले ते असे: वीज नीट वाहत असेल तर एका कडेला बारा, दुसऱ्या कडेला शून्य आणि मध्यावर सहा यायला हवेत, सगळीकडे बाराच याचा अर्थ वीज काचेपर्यंत येऊन थांबली आहे, कारण तिला बाहेर पडायची वाट, म्हणजे अर्थिंगची तार, कुठेतरी तुटली आहे. "आता डिकी उघड," ते म्हणाले. मी उघडली. त्यांनी तशाच अवघडलेल्या अवस्थेत मध्यावर फॉइलचे टोक टेकवले. सहा. "लाव." बारा. "उघड." सहा. शेजारपाजारची मंडळी गॅलरीत जमेपर्यंत मी डिकी उघडलावणी करीत होतो. अखेर काकांनी विचारले, "तुझा तो वर्कशॉपवाला हात लावून बघतो तेव्हा डिकी उघडी असते की बंद?"

ती नेहमी उघडीच असे. बंद काचेच्या आतल्या बाजूला बाहेरून हात लावणार तरी कसा?

डिकीच्या बिजागरीजवळ एक रबरी नळी असते आणि गाडीतून डिकीच्या दारात जाणाऱ्या सगळ्या तारा तिच्यातून जातात. दार उघडले की त्या सरळ होतात, लावले की दुमडतात. आमची अर्थिंगची काळी तार या रोजच्या कवायतीने आतल्या आत तुटली होती. वरचे आवरण शाबूत, आत तांब्याची दोन टोके. दार वर गेले की ती एकमेकांना भेटत, खाली आले की दुरावत. काका ती तार नळीतून बोटभर बाहेर काढून चिमटीत वाकवून पाहत होते आणि त्यांचे हात शिवशिवत होते. तारेचा एक तुकडा, डागाचे दोन थेंब आणि दहा मिनिटे, एवढेच काम होते. पण कंपनीबाहेरच्या माणसाने वायरिंगला हात लावला की वॉरंटी गेली, म्हणून त्यांनी मोठ्या कष्टाने नळी पुन्हा जागेवर बसवली.

दुसऱ्या दिवशी काका वर्कशॉपमध्ये स्वतः आले. डिकी बंद ठेवून तपासा, एवढीच त्यांची मागणी होती. अ‍ॅडव्हायझरने शर्टाच्या इस्त्रीकडे पाहिले. शेवटी फ्लोअरवरचा सर्वांत सडपातळ मुलगा शोधून आणला, मागचा ट्रे काढला, त्याला मीटरसह डिकीत बसवले आणि दार लावून घेतले. आतून दबलेला आवाज येऊ लागला: "बारा! ...बारा! ...इकडं पण बारा!" काका अ‍ॅडव्हायझरकडे वळून म्हणाले, "ऐकलंत? दोन्हीकडे बारा वाजलेत." दार उघडल्यावर तोच मुलगा घामाघूम चेहऱ्याने "बारा, सहा, शून्य" म्हणत बाहेर आला. आतापर्यंत आजूबाजूच्या गाड्यांवरचे काम थांबून सगळे जण भोवती जमले होते. व्होल्टचा हिशेब किती जणांना पटला ते सांगता येत नाही, पण डिकीतून आलेल्या आवाजावर अविश्वास दाखवायला कोणी धजले नाही.

त्यानंतर वाटले होते की झाले. पण त्याच नळीतून रिव्हर्स कॅमेऱ्याचीही तार गेली होती, आणि कॅमेरा गाडी घेताना अ‍ॅक्सेसरीच्या काउंटरवर बसवलेला होता. अ‍ॅडव्हायझर म्हणाला, बाहेरची वायर टाकल्यामुळे ओढ बसली असेल. मी म्हणालो, बाहेरची कसली, ते काउंटर तुमच्या पाठीमागेच आहे. त्याने मागे वळून त्या काउंटरकडे परक्या मुलखाकडे पाहावे तसे पाहिले आणि ते डिपार्टमेंट वेगळे असल्याचे सांगितले. काकांनी कॅमेऱ्याची तार नळीच्या दुसऱ्या अंगाने सैल गेल्याचे दाखवून तोही मुद्दा मिटवला. मग कंपनीने तुटलेल्या तारेचा फोटो मागवला. तार आवरणाच्या आत तुटलेली असल्याने फोटोत ती धडधाकट दिसत होती. तेव्हा डिकीत बसलेल्या त्याच मुलाने तुटल्या जागी ती काटकोनात मुडपून धरली आणि तो फोटो पाठवल्यावर अ‍ॅप्रूव्हल आले.

डिकीच्या दाराचे वायरिंग वॉरंटीत बदलून मिळाले. बंद काचेवर आतून फुंकर मारून पाहिली, रेषांच्या कडेने काच झपाट्याने साफ होत गेली. जॉब कार्डावर छापून आले ते असे: "ग्राहकाची तक्रार: काचेवर धुके. तपासणी: धुके आढळले नाही. कार्यवाही: वायरिंग बदलले." निघताना अ‍ॅडव्हायझर हळूच जवळ येऊन म्हणाला, "सर, कंपनीतून फोन येईल. दहापैकी दहाच द्या. नऊ दिले तरी आमचं शून्य धरतात." फोन आला आणि मी दहा दिले. काकांना ते मुळीच रुचले नाही. त्यांचे म्हणणे, सहा द्यायला हवे होते. सगळीकडे सारखाच आकडा यायला लागला की समजावे, कुठेतरी तार तुटली आहे.