पूर्ण रेंज, शून्य नेट

आमच्या घरात वायफाय सगळीकडे आहे, फक्त माणूस बसतो तिथे नाही. आतल्या खोलीत जाऊन दार लावलं की पडद्यावर वर्तुळ गरगरायला लागतं. ते एक वेळ समजू शकतं, मध्ये भिंत आहे. पण कधीकधी राउटरच्या पुढ्यात बसूनही वर्तुळच, आणि कोपऱ्यातलं चिन्ह मात्र तुडुंब भरलेलं! इतकं निगरगट्ट चिन्ह दुसरं नसेल. फोनला राउटर नीट ऐकू येतोय, एवढंच ते सांगतं. राउटरच्या पलीकडे केबल तुटून लोंबकळत असली तरी त्याला सोयरसुतक नाही.

मग कस्टमर केअर.

"सर, राउटर बंद करून चालू केलात का?"

केला.

"लाल दिवा लागलाय का?"

राउटर कपाटाच्या डोक्यावर, मी स्टुलावर, फोन मान आणि खांद्याच्या मध्ये. लागलाय.

"नुसता लागलाय की लुकलुकतोय?"

मी बघायला लागलो की तो लुकलुकायचं थांबवतो.

"बरं, आता परत एकदा बंद करून चालू करा, सर."

मी स्टुलावरून उतरेपर्यंत 'आपली तक्रार सोडवण्यात आली आहे' असा मेसेज येतो. तो बरा नेटशिवाय पोचतो.

घरात तज्ज्ञांची वाण नाहीच. राउटर आरशामागे नको, माशांच्या टाकीजवळ नको, मायक्रोवेव्हशेजारी तर नकोच. यातलं मायक्रोवेव्हचं मी स्वतः अनुभवलंय. तोही 2.45 गिगाहर्ट्झच्या आसपासच चालतो, म्हणजे वायफायच्याच गल्लीत. त्यामुळे आत कुणी जेवण गरम करायला ठेवलं, की इकडे मिटिंगमध्ये साहेब तोंड उघडं ठेवून थिजतात. (मला याबद्दल फारशी तक्रार नाही.) 5 गिगाहर्ट्झवर, म्हणजे वायफायच्या दुसऱ्या गल्लीत जा म्हणाले, गेलो. वेग झकास, पण भिंत दिसली की त्याचं अवसान गळतं. शेवटी आतल्या खोलीत एक्स्टेंडर, म्हणजे राउटरचा सिग्नल पुढे पोचवणारा डबा, बसवला. तर एक्स्टेंडर उशाशी असताना फोन बाहेरच्या राउटरची धुगधुगी धरून बसतो. कुणाला कधी सोडायचं हे फोन ठरवतो, मालक नाही.

एवढं करून मिळवलेलं नेट शेजाऱ्यांना हवं असतं. दारात उभं राहून "पासवर्ड काय हो?" असं ते हक्काने विचारतात. तोंडावर नाही म्हणवत नाही, म्हणून वायफायचं नावच 'स्वतःचं घ्या' असं ठेवायला गेलो. राउटरने नाकारलं. नावाला जास्तीत जास्त 32 बाइट चालतात, आणि देवनागरीत अक्षर, काना, मात्रा, अनुस्वार, जे लिहाल त्याला तीन-तीन बाइट लागतात. माझं नाव 34 वर गेलं होतं. एक अनुस्वार काढला, लगेच बसलं.

आता आजूबाजूच्या प्रत्येक फोनवर माझं वायफाय 'स्वतःच घ्या' म्हणून झळकतंय. पासवर्ड विचारणाऱ्यांची रांग वाढली आहे.