पट्टा ज्याच्या हातात, साफसफाई त्याच्याच हाताने

पाळीव कुत्र्याने रस्त्यावर केलेली विष्ठा उचलणे हा कुत्रा पाळण्याचाच एक भाग आहे आणि तो भाग दुसऱ्या कोणाच्या माथी मारता येत नाही, एवढे एकच म्हणणे मांडण्यासाठी ही पोस्ट लिहीत आहे. माझ्या स्वतःच्या घरी कुत्री आहे, तिच्यावाचून घर कसे वाटेल याची कल्पनाही आता करवत नाही. तेव्हा हे म्हणणे कुत्र्यांचा तिटकारा असलेल्या व्यक्तीचे नाही, हे आधीच सांगते.

पुण्यात प्रभात रस्त्याच्या गल्ल्यांतून, औंध-बाणेरच्या सोसायट्यांभोवतीच्या पदपथांवरून किंवा वेताळ टेकडीच्या पायवाटेवरून सकाळी चालणाऱ्या कोणालाही विचारावे. झाडांची आळी, बागेतल्या घसरगुंडीजवळची वाळू, अजून न उघडलेल्या दुकानांच्या पायऱ्या आणि दुसऱ्याच्या फाटकासमोरची जागा, या ठिकाणी ती घाण हमखास असते. स्वतःच्या फाटकासमोर मात्र ती क्वचितच दिसते. जो माणूस कुत्र्याला आपल्या इमारतीच्या दारापासून ओढत पुढे नेतो आणि दुसऱ्याच्या दारासमोर आल्यावरच थांबू देतो, त्याला आपण काय करतो आहोत हे पुरते कळत असते. म्हणून या बाबतीत अज्ञानाची सबब मला मान्य होत नाही.

हा विषय काढला की पहिले उत्तर ठरलेले असते, की भटकी कुत्री एवढी घाण करतात, त्यांचे काय? भटक्या कुत्र्यांचा प्रश्न खरा आहे आणि मोठा आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील भटक्या कुत्र्यांविषयी आधी एक आदेश दिला आणि काही दिवसांतच तो बदलला, तेव्हा घराघरांत त्यावर वाद झाले. पण त्या कुत्र्यांचा पट्टा कोणाच्याही हातात नसतो आणि त्यांच्या नावाचा परवानाही कोणी काढलेला नसतो. आपण मात्र आपल्या कुत्र्याला नाव दिलेले असते, त्याच्या लसींची वही सांभाळलेली असते, त्याच्या वाढदिवसाचे फोटो सगळ्यांना पाठवलेले असतात. एवढे नाते जाहीरपणे सांगितल्यावर त्याने रस्त्यावर केलेली शी तेवढी बेवारस कशी ठरू शकते?

दुसरे उत्तर मला अधिक अस्वस्थ करते. ‘झाडायला बाई येतेच ना’, असे ते उत्तर आहे. हे बोलणारी माणसे एरवी सुसंस्कृत असतात, शब्दही जपून वापरतात, आणि या एका वाक्यात आपण काय बोललो हे त्यांच्या ध्यानातही येत नाही. रस्ता झाडणाऱ्या मावशींच्या हातात खराटा असतो. पालापाचोळा, कागद, माती हे सारे खराट्याने गोळा होते. ओली विष्ठा खराट्याने गोळा होत नाही, ती पसरते. ती खराट्याच्या काड्यांना लागते, तिथून पुढच्या दहा घरांसमोर जाते, आणि शेवटी पुठ्ठ्याच्या तुकड्याने किंवा हातानेच खरवडून काढावी लागते. हातमोजे अनेकदा नसतात आणि असले तर फाटलेले असतात. आपल्या शहरांत हे काम पिढ्यानपिढ्या कोणत्या जातींच्या वाट्याला आले आणि आजही कंत्राटी सफाई कामगारांत बहुसंख्य कोण आहेत, हे महाराष्ट्रात कोणाला सांगावे लागू नये. माणसाचा मैला माणसाकडून उचलून घेण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. कुत्र्याची विष्ठा त्या कायद्याच्या शब्दांत बसत नाही, हे खरे. पण ज्या विचाराने तो कायदा झाला, तो विचार आपल्या कुत्र्याच्या शेपटीपाशी येऊन थांबावा, असे मला वाटत नाही.

येथे अप्पासाहेब पटवर्धनांची आठवण होते. कोकणचे गांधी म्हणून ओळखले जाणारे अप्पासाहेब १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तुरुंगातले मैलासफाईचे काम विशिष्ट जातीच्या कैद्यांनाच दिले जाई. ते काम आपल्यालाही करू द्यावे अशी मागणी त्यांनी केली, ती नाकारली गेली, आणि त्या हक्कासाठी त्यांनी उपोषणाचा मार्ग धरला. येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या गांधीजींनी त्यांना पाठिंबा म्हणून त्याच वर्षीच्या डिसेंबरात स्वतः उपवास सुरू केला. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात राहून अप्पासाहेबांनी कोणालाही मैला डोक्यावर वाहून न्यावा लागू नये अशा शौचकूपाचा नमुना तयार केला. मैला उचलण्याचा हक्क मिळावा म्हणून अन्न सोडणारा माणूस ज्या प्रदेशात होऊन गेला, तेथे आपल्याच लाडक्या जनावराची शी उचलताना प्रतिष्ठा कमी होते असे वाटावे, हे मला खरोखर क्लेशकारक वाटते.

आता आरोग्याविषयी, कारण येथे गैरसमज फार आहेत. ‘मातीत पडले, खत झाले’ हे वाक्य मी अनेकदा ऐकते. गाय गवत खाते, कुत्रा मांस आणि धान्य यांचा मिश्र आहार घेतो. त्याच्या विष्ठेत नत्राचे प्रमाण असे असते की हिरवळीवर पडल्यास तेथील गवत जळते. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट जंतांची आहे. टोक्सोकारा नावाचा गोलकृमी कुत्र्यांत, विशेषतः पिल्लांत, अतिशय सर्रास आढळतो, कारण तो आईच्या पोटातूनच पिल्लात येतो. या कृमीची एक मादी दिवसाला लाखाच्या घरात अंडी घालू शकते. ती विष्ठेबरोबर मातीत मिसळतात आणि महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे टिकून राहतात. विष्ठा पावसाने वाहून गेली, दिसेनाशी झाली, म्हणून ती जागा स्वच्छ झाली असे होत नाही. बागेत खेळणारे मूल मातीचा हात तोंडात घालते, अंडी पोटात जातात, आणि त्यांतून निघालेल्या अळ्या यकृत, फुप्फुस आणि क्वचित डोळ्यापर्यंत पोचतात. डोळ्यात गेलेल्या अळीमुळे दृष्टी कायमची अधू होऊ शकते.

यातली दिलासा देणारी बाब फार कमी लोकांना ठाऊक असते. ताज्या विष्ठेतली ही अंडी लगेच बाधा करू शकत नाहीत. त्यांच्यात अळी तयार होण्यास साधारण दोन ते चार आठवडे लागतात. याचा अर्थ असा, की जो मालक त्याच क्षणी विष्ठा उचलतो, तो ही साखळी पूर्णपणे तोडतो. येथे कोणत्याही औषधापेक्षा कागदाचा एक तुकडा अधिक काम करतो. हीच विष्ठा तशीच सोडली तर मात्र नंतर कितीही झाडले तरी अंडी मातीतच राहतात.

अंकुशकृमी (हुकवर्म) हा कुत्र्यांच्या पोटातला दुसरा जंत, त्याची तऱ्हा निराळी आहे. त्याच्या अळ्या ओल्या, उबदार मातीत आठवड्याभरात तयार होतात आणि अनवाणी पायाच्या कातडीतून थेट शरीरात शिरतात. पायावर नागमोडी, लाल, असह्य खाज सुटणाऱ्या रेघा उमटतात. आपल्याकडे अनवाणी चालणारी माणसे किती आहेत याचा विचार करावा. आषाढी वारीच्या काळात, नेमक्या पावसाच्या तोंडावर, दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात आणि त्यांच्यासोबतचे कितीतरी वारकरी अनवाणी असतात. नवरात्राचे नऊ दिवस पायात चप्पल न घालणाऱ्या स्त्रिया आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत आहेत. मुंबईत सोमवारी रात्री सिद्धिविनायकाकडे अनवाणी चालत जाणारे लोक आहेत. आपण ज्या पदपथावर कुत्र्याला थांबवतो, तोच त्यांचा रस्ता आहे. पांढरी काठी घेऊन चालणाऱ्या अंध व्यक्तीला तर वाटेत काय पडले आहे ते पाहून बाजूने जाण्याचीही सोय नसते.

आणि ज्यांना माणसांची नाही तरी कुत्र्यांची काळजी आहे, त्यांनी पार्व्होचा विचार करावा. आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून पसरणारा हा विषाणू मातीत महिनोन्‌महिने जिवंत राहतो. लसीकरण पूर्ण न झालेल्या पिल्लाने ती जागा केवळ हुंगली तरी ते पुरते, आणि मग उलट्या, रक्ताचे जुलाब आणि सलाइनवर काढलेल्या रात्री सुरू होतात. बरीच पिल्ले वाचत नाहीत. ज्यांनी ते पाहिले आहे त्यांना अधिक सांगायला नको.

कायद्याबद्दल थोडक्यात. मुंबई महापालिकेच्या २००६ च्या स्वच्छताविषयक उपविधींत पाळीव प्राण्याची घाण न उचलणाऱ्यास ५०० रुपये दंडाची तरतूद आहे. मात्र गृहनिर्माण सोसायट्यांनी परस्पर असा दंड आकारण्याला भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांचा अडसर आहे; राज्याचा किंवा केंद्राचा तसा कायदा नसेल तर सोसायटीने सक्ती न करता विनंती करावी, असे त्या सूचना सांगतात. त्याच सूचना सोसायटीला कुत्रे पाळण्यावर बंदी घालू देत नाहीत आणि लिफ्टही नाकारू देत नाहीत. मला हे संरक्षण आवश्यक वाटते, कारण कुत्रेवाल्या भाडेकरूंना घर मिळू न देणारे आणि मुक्या जनावराला काठी उगारणारे शेजारी मी पाहिले आहेत. पण ज्या सूचनांनी आपल्याला लिफ्टचा हक्क दिला, त्याच सूचनांनी विष्ठा उचलण्याचे आवाहनही आपल्याला केलेले आहे. सोसायटीच्या सभेत पहिला परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवायचा आणि दुसऱ्यावर बोट ठेवून पान उलटायचे, हे प्रामाणिक वागणे नव्हे. कुत्र्यांवर बंदी मागणाऱ्यांच्या हाती सर्वांत मोठे हत्यार आपण स्वतः देत आहोत, आणि त्याची शिक्षा कुत्र्यांना भोगावी लागते.

मला विचाराल तर महापालिकेने कुत्र्याचा परवाना देताना रेबीजच्या लसीचा दाखला जसा मागितला जातो, तशी विष्ठा उचलण्याची लेखी हमीही घ्यावी आणि सकाळच्या वेळी प्रत्यक्ष रस्त्यावर तपासणी करावी. कागदावरच्या दंडाला कोणी भीत नाही.

उचलायचे कसे, हे नव्याने कुत्रा आणलेले लोक मला विचारतात म्हणून सांगते. रोजचे वर्तमानपत्र पुरते. कुत्रे बसण्याच्या तयारीत गोल फिरू लागले की कागद त्याच्याखाली सरकवावा. थोड्या सवयीने हे सहज जमते आणि जमिनीला काही लागतच नाही. घरी आल्यावर विष्ठा शौचकूपात टाकून पाणी सोडावे आणि कागद वेगळा गुंडाळून द्यावा. ती ओल्या कचऱ्याच्या बादलीत टाकू नये आणि सोसायटीच्या खताच्या खड्ड्यातही टाकू नये, कारण तेथील उष्णता जंतांची अंडी मारण्याइतकी वाढत नाही. पुण्यात ‘स्वच्छ’ संस्थेच्या कचरावेचक भगिनी घरोघरचा कचरा हातांनी वेगळा करतात. सॅनिटरी नॅपकिन कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका द्या, म्हणजे आम्हाला पुडी उघडावी लागणार नाही, असे त्यांना वर्षानुवर्षे सांगावे लागले आहे. त्याच हातांना आपल्या कुत्र्याची विष्ठा लागणार नाही, इतकी काळजी आपण नक्की घेऊ शकतो. काळ्या पातळ पिशव्या वापरू नयेत. त्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे आणि गाठ मारून झुडपात फेकलेली पिशवी ही उघड्या विष्ठेपेक्षाही वाईट. जुलाब झाले असतील तर बरोबर पाण्याची बाटली आणि थोडी माती किंवा राख न्यावी.

ज्यांचे कुत्रे पगारी मुलगा फिरवतो, त्यांच्याशी मला वेगळे बोलायचे आहे. असा मुलगा एकाच वेळी तीन-चार पट्टे हातात घेऊन निघतो, त्याला वेळेचे बंधन असते, आणि उचलण्याविषयी त्याला कोणी काही सांगितलेलेच नसते. नंतर तक्रार आली की मालक त्याच्याकडे बोट दाखवतात. कुत्रा तुमचा आहे, तेव्हा त्याला कागद तुम्हीच द्यायला हवा, हातमोजे तुम्हीच द्यायला हवेत, एका वेळी एकच कुत्रे नेता येईल इतका वेळ आणि त्या वेळेचा मोबदलाही द्यायला हवा. हे परवडत नसेल तर सकाळी अर्धा तास लवकर उठून स्वतः खाली जावे.

ज्यांचे गुडघे किंवा कंबर वाकू देत नाही अशा ज्येष्ठांची अडचण मात्र खरी आहे. मुले परदेशी, सोबतीला एक म्हातारे कुत्रे, अशी कितीतरी घरे आपल्या आसपास आहेत. त्यांच्यासाठी लांब दांड्याचे खोरे मिळते, उभ्याने विष्ठा उचलता येते. तेही जमत नसेल त्या दिवशी त्यांनी शेजारच्या कुत्रेवाल्यांना निःसंकोच सांगावे. आपल्यापैकी प्रत्येक जण रोज खाली जातच असतो, आपल्या हातातल्या वर्तमानपत्राचे आणखी एक पान त्यांच्या कुत्र्यासाठी लागले तर ते द्यायला कोणीही नाही म्हणणार नाही.