'रेझिंग स्टीम'खालच्या चिठ्ठीबद्दल

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू वाचला. आमच्या फोंड्याच्या दुकानाला तुम्ही दोन स्टार दिलेत आणि कारणं आडपडदा न ठेवता लिहिलीत, तेव्हा उत्तरही तसंच देते. ज्यांनी रिव्ह्यू वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचं तर, इंग्रज लेखक टेरी प्रॅचेट यांच्या डिस्कवर्ल्ड या विनोदी कादंबऱ्यांच्या मालिकेतलं, रेल्वे येण्याची गोष्ट सांगणारं 'रेझिंग स्टीम' तुम्ही रेल्वेत नोकरीला असलेल्या भाच्यासाठी घ्यायला आलात. फळीवर त्या पुस्तकाखाली माझ्या हातची चिठ्ठी होती : 'मालिका आवडली तर हे शेवटी वाचा. आम्हाला हे आवडलं नाही.' काउंटरवरही मी तेच बोलले. आजारपणात लिहिलेल्या पुस्तकाला अशी चिठ्ठी लावणं निर्दयपणाचं आहे, आणि ज्याला मालिकेची कदर नाही त्याने ती विकू नये, असं तुमचं म्हणणं.

किरकोळ गोष्टी आधी. पानं पिवळी होती कारण प्रत वापरलेली होती. पहिल्या पानावर पेन्सिलीने तसं लिहिलेलं असतं, आणि किंमत त्याच हिशेबाने लावलेली असते. बिलाला वेळ लागला तो वीज गेल्यामुळे.

कदर नाही, हे मात्र मला मान्य नाही. डिस्कवर्ल्डच्या कादंबऱ्या ४१, पहिली १९८३ ची आणि शेवटची २०१५ ची. फोंड्यात बसून त्यातल्या मिळतील तेवढ्या कायम फळीवर ठेवणं धंद्याच्या हिशेबात बसत नाही. तरी मी ठेवते. कासवाच्या पाठीवर चार हत्ती आणि हत्तींच्या पाठीवर ताटासारखं सपाट जग, अशी गंमत मांडून हा माणूस पोलीस, पोस्ट, वर्तमानपत्र, बँक, देव आणि मरण यांविषयी जे बोलून गेला, ते मला दुसऱ्या कुणाकडे इतकं हसत हसत मिळालं नाही. 'मॉर्ट'मध्ये साक्षात मृत्यू एक शिकाऊ पोरगा कामाला ठेवतो. 'स्मॉल गॉड्स'मध्ये लाखो लोक ज्याच्या नावाने थरथरतात तो देव कासव होऊन पडलेला असतो, कारण त्याच्यावर खरोखर विश्वास ठेवणारा एकच माणूस उरलेला असतो. देवळांच्या आमच्या तालुक्यात बसून ते वाचताना काय काय मनात आलं, ते कधीतरी सवडीने लिहीन.

आता 'रेझिंग स्टीम' का आवडलं नाही ते सांगते. काउंटरवर चार लोक थांबलेले असताना हे नीट सांगता येत नाही.

वेटिनारी घ्या. आंख-मॉर्पोर्क शहराचा हा सत्ताधीश कमी बोलतो, आणि जे बोलत नाही त्याचीच समोरच्याला धडकी भरते. 'गोइंग पोस्टल'ची सुरुवात आठवा. मॉइस्ट नावाच्या ठकाला फाशी दिली जाते, ती जेमतेम जीव राहील इतकीच, आणि तो शुद्धीवर येतो तो वेटिनारीच्या कचेरीत. बंद पडलेलं पोस्ट खातं चालवायचं, नाहीतर ते तिकडे दार आहे, खुशाल जा. मॉइस्ट दार उघडून पाहतो तर पलीकडे जमीनच नाही, खोल खड्डा. वेटिनारी खड्ड्याबद्दल चकार शब्द काढत नाही. आवाज चढत नाही, धमकी नाही. आता हाच वेटिनारी 'रेझिंग स्टीम'मध्ये पाहा. लांबच लांब बोलतो, मनात काय आहे ते फोड करून सांगतो, आणि वेळेत रूळ टाकले नाहीस तर तुझं काय होईल ते मॉइस्टला उघड सुनावतो. बाकीची मंडळीही एकमेकांसारखीच बोलायला लागतात. नाव झाकलं तर कोण बोलतंय ते बऱ्याच ठिकाणी कळत नाही. ज्या लेखकाकडे एका ओळीत माणूस उभा राहायचा, त्याच्याकडे हे वाचताना मला खरंच त्रास झाला.

दुसरी गोष्ट रेल्वेची, आणि ती मला जास्त लागली. आपण गोव्याची माणसं. मुरगावहून कुळ्यावरून दूधसागरचा घाट चढणारी मीटर गेज पोर्तुगीज काळातली, पण कोकण रेल्वे आपल्या डोळ्यांदेखत आली. १९९८ मध्ये ती पूर्ण सुरू झाली, आणि त्याआधी मार्गावरून गोव्यात केवढं रान उठलं होतं! खाजन शेतीचं, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांचं, काय होणार, जुन्या वस्त्यांचं काय होणार, रूळ आत पूर्वेकडून का नेत नाही, म्हणून माणसं रस्त्यावर उतरली होती. गाडी हवी म्हणणारे खरे होते आणि शेत वाचवा म्हणणारेही खरे होते. रेल्वे येण्याची गोष्ट म्हटली की मी हे सगळं शोधते. 'रेझिंग स्टीम'मध्ये इंजिन येतं आणि सगळं शहर त्याच्या प्रेमात पडतं. विरोधाला उभे राहतात ते मुख्यतः कट्टर ग्रॅग, म्हणजे बुटक्यांचे धर्मगुरू, निरोपांचे मनोरे जाळणारे, लग्नाच्या मांडवात घुसून मारणारे. त्यांच्या बाजूने विचार करावा असं लेखक एकदाही वाटू देत नाही. याच लेखकाने 'गोइंग पोस्टल'मध्ये मॉइस्टला हिशेब मांडून दाखवला होता, की तू कुणावर हात उचलला नसशील, पण तुझ्या फसवणुकीने २.३३८ माणसं मेली. ती नजर मला इथे दिसली नाही. इंजिन बनवणारा डिक सिमनेल स्लाइड रूल, म्हणजे हिशेबाची सरकपट्टी, घेऊन वाफेला वेसण घालतो, 'आयर्न गर्डर' इंजिन जिवंत बाई असल्यासारखं फुसफुसतं, हे मलाही फार आवडलं. तुमच्या भाच्याला तेवढ्यासाठी पुस्तक आवडेल, आवडू दे.

राहिला आजाराचा मुद्दा. तुम्ही तो कळवळ्याने लिहिलाय, म्हणून त्याचं उत्तर टाळणार नाही. अल्झायमरचा एक विरळा प्रकार झाल्याचं प्रॅचेट यांनी २००७ च्या डिसेंबरात स्वतः जाहीर केलं. टाइप करणं सुटलं, मग ते तोंडाने सांगून पुस्तकं लिहायला लागले. 'आय शॅल वेअर मिडनाइट' त्यानंतरचं, २०१० चं, आणि ते मी डोळे झाकून कुणाच्याही हातात देते. 'द शेफर्ड्स क्राउन' त्यांच्या मृत्यूनंतर २०१५ मध्ये आलं. ते आणखी जगले असते तर त्यावर आणखी लिहिलं असतं, असं त्यांचे सहायक रॉब विल्किन्स यांनी पुस्तकाच्या शेवटी म्हटलंय. काही जागा भरायच्या राहिल्यात हे वाचताना कळतं. तरी ते मला आतून हलवून गेलं, आणि त्याखाली माझी अशी चिठ्ठी नाही. आजारात लिहिलंय म्हणून मी कुठलंच पुस्तक मागे टाकत नाही, आणि त्याच कारणाने कुठलं पुढेही करत नाही. २००८ मध्ये अल्झायमरच्या संशोधनाला १० लाख डॉलर देऊन, इथे पैसा इतका कमी का, म्हणून जाहीरपणे चिडणारा माणूस होता तो. त्याची पुस्तकं सांभाळून घेत वाचावीत असं मला कधी वाटलं नाही.

आपल्याकडे देवळाच्या उत्सवात गाणं ऐकायला रात्रभर बसणारे लोक असतात. 'आज बुवांचा आवाज लागला नाही' हे सगळ्यांत आधी तेच म्हणतात, आणि पुढच्या वर्षी सतरंजीवर पुढे जागा धरून बसलेलेही तेच असतात. माझी चिठ्ठी त्यांच्यातली समजा. कव्हरवर इंजिन दिसतं म्हणून नवे वाचक मालिकेतलं पहिलं पुस्तक म्हणून नेमकं हेच उचलतात, अर्ध्यात सोडतात, आणि मग बाकीच्या ४० कडे वळत नाहीत. ते मला बघवत नाही.

तुमच्या भाच्याने डिस्कवर्ल्डमधलं काहीच वाचलेलं नाही, हे तुम्हीच सांगितलंत, म्हणून मी आधी 'गोइंग पोस्टल' द्या म्हटलं. मॉइस्टची गोष्ट तिथे सुरू होते, मग 'मेकिंग मनी', मग ही आगगाडी. तुम्ही तरी हेच हवं म्हणालात आणि मी ते बांधून दिलं. प्रत परत करायची असेल तर आणा, पूर्ण पैसे मिळतील. बदली 'गोइंग पोस्टल' हवं असेल तर तेही बाजूला काढून ठेवलंय.

चिठ्ठी मी काढणार नाही. पण तुम्हाला 'रेझिंग स्टीम' का आवडतं ते तुमच्या रिव्ह्यूत कुठेच आलेलं नाही, आणि मला ते खरोखर जाणून घ्यायचंय. तुम्ही लिहून द्या, माझ्या चिठ्ठीशेजारी तेवढ्याच आकाराच्या कागदावर, एक शब्दही न बदलता लावते. चवथीचे दिवस सोडले तर दुकान रोज उघडं असतं.