घरची बतावणी

पाडव्याला मी घरी होतो, हे गावात कुणाला खरं वाटेना. दोघंतिघं तर दारापर्यंत येऊन बघून गेले. तमाशात सोंगाड्या, म्हणजे लोकांना हसवणारा, म्हणून तंबूच्या फडात चाळीस वर्षं काढली, पण आमच्या दारातली गुढी मी कधी पाहिली नव्हती. आमच्या धंद्यात पाडवा म्हणजे नारायणगाव. तिथं फडांच्या राहुट्या लागतात. जत्रा कमिटीची माणसं या राहुटीतून त्या राहुटीत हिंडतात, "मागल्या साली वग लई लांबला" म्हणून भाव पाडतात. आमचे मालक "औंदा पार्टी नवी हाय" म्हणून तो चढवतात. चैत्र-वैशाखाच्या जत्रांच्या सुपाऱ्या तिथंच ठरतात. 2020 साली पाडवा आला 25 मार्चला आणि देश बंद झाला तोही त्याच दिवसापासून. सोंगाड्या बोर्डावर यावा आणि जनरेटर बंद पडावा, तसं झालं.

त्याआधीच्या रविवारी संध्याकाळी पाचला थाळ्या वाजवल्या, तेव्हाच मला शंका आली होती. सगळं गाव अंगणात, पण ताल एकाचाही नाही. आमच्या हलगीवाल्यानं ऐकलं असतं तर रडला असता.

तसा मी घरी येतो, पण आखाडात. पावसात तंबू लागत नाही, म्हणून चार महिने. बायको मला पावसाळी पाहुणा म्हणते आणि त्या बेतानं माझी सोय करते. चैत्रात आलेल्या पाहुण्याचं काय करायचं, हे तिला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

पहिली पंचाईत झोपेची. आमचा खेळ रात्री दहा-अकराला सुरू. गण, गौळण, बतावणी म्हणजे विनोदी संवाद, मग वग म्हणजे गोष्टीचं नाटक; वग संपतो तेव्हा कोंबडं आरवायला लागलेलं असतं. पावसाळ्यात अंग दमलेलं असतं, झोप लागते. त्या साली ऐन हंगामात घरी! अकरा वाजले की डोळे टक्क उघडे. साडेबाराला जीभ वळवळायला लागायची. शेवटी उठून गोठ्यात गेलो आणि म्हशीपुढं बतावणी सुरू केली. म्हैस चांगला प्रेक्षक. रवंथ करते, पण मधेच उठून जात नाही. चौथ्या रात्री आतून आवाज आला, "अहो, तिला झोपू द्या. सकाळी दूध कमी निघतंय."

हे गंभीर होतं, कारण त्या दिवसांत घर म्हशीवर चाललं होतं. मालकाकडून आगाऊ घेतलेले पैसे, म्हणजे उचल, डोक्यावर तशीच. आमचा ढोलकीवाला चाळीत कांदा भरायला जाऊ लागला होता. म्हशीची झोपमोड करायची ऐपत माझ्यात नव्हती.

मग नातू म्हणाला, "आबा, मोबाइलवर करा की." त्यानं टिकटॉक दाखवलं. मला आशा वाटली. माणूस तिथं घरी बसूनच बघतो म्हणजे पावसाची भीती नाही, आणि तिकीट नसल्यामुळं तंबूची कनात फाडून घुसायचीही कुणाला गरज नाही. मी बायकोचं लुगडं नेसून गौळणीतली मावशी झालो. गौळण नवी बसवली. गवळणी मथुरेच्या बाजाराला निघाल्यात, पेंद्या आडवा येतो. "कुठं निघाल्या? मथुरा दुसऱ्या जिल्ह्यात येते, ई-पास काढला का?" मावशी म्हणते, "आधी तू सहा फुटांवर हो!" आणि किसनदेवाला लोण्यात हात घालायच्या आधी साबणानं वीस सेकंद हात धुवायला लावते.

वाक्य टाकलं आणि सवयीनं थांबलो. तंबूत हशा आला की थांबायचं, तो उतरणीला लागला की पुढचं वाक्य टाकायचं. हे घड्याळ सोंगाड्याच्या छातीत असतं. इथं थांबलो, तर फक्त कोंबडी ओरडली. नातू म्हणाला, "आबा, मधे थांबू नका, लोकं पुढं सरकवतात. पंधरा सेकंदांत संपवा." पंधरा सेकंदांत आमची मावशी पदरसुद्धा खोचत नाही.

तरी शिकलो. रोज एक तुकडा. जूनच्या शेवटी बघणारे वाढायला लागले होते, अनोळखी माणसं हसऱ्या तोंडाची चित्रं धाडत होती. 29 जूनला सरकारनं टिकटॉकच बंद केलं. जत्रेच्या गावात मारामारी होऊन खेळ बंद पडलेला मी पुष्कळदा पाहिलाय. पण इथं जत्राच उचलून नेली. नातू दोन दिवस जेवला नाही. मी जेवलो. मला सवय आहे.

या सगळ्या वेळात एक माणूस चुलीपुढं बसून बघत होतं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. लग्नाला अडतीस वर्षं झाली, पण बायकोनं मला तंबूत कधी पाहिलेलं नाही. आमच्याकडं घरच्या बाया तमाशाला जात नाहीत. गडीसुद्धा घरी भजनाला जातो सांगून येतात. तिनं माझी मावशी पहिल्यांदा बघितली ती आमच्याच पडवीत. आणि हसली नाही.

"पदर असा खोचतात व्हय?" म्हणाली. "आन् बाई उठताना गुडघ्यावर हात ठिवती, कमरंवर न्हाई. कमरंवर ठिवायला तिला येळ कुठं असतो?"

चाळीस वर्षं शिट्ट्या घेतलेली माझी मावशी तिनं दोन वाक्यांत नापास केली. मी मुकाट्यानं उठून-बसून दाखवलं. आठवडाभर तालीम चालली. तिला ई-पासचा विनोदही पटला नाही. मी विचारलं, "मग गवळण काय म्हणंल?"

भाकरी थापता थापता ती म्हणाली, "म्हणंल, पास न्हाई बाबा, पण घरात चार म्हयन्यांपासून एक धनी बसून हाय. त्याला ठिवून घे, आन् मला जाऊ दे."

मी इतका हसलो की म्हैस उठून उभी राहिली. बायको हसली नाही. ती विनोद सांगतच नव्हती.

गणपतीत मालकांना फोन लावला. म्हटलं, तंबू कधी का लागेना, बतावणी नवी तयार आहे. ऐकवली. पलीकडून मालक पोट धरून हसले. किती दिवसांनी कुणाचा तरी हशा कानावर आला. मी सवयीनं थांबलो, उतरेपर्यंत. मग त्यांनी विचारलं, "कुणी लिहिली रे?"

"घरचीच हाय," म्हटलं.

आतून आवाज आला, "उचल आधी, म्हणावं."